नखाएवढी खाच

मानसिंग : तू आधी कानस लावून बघितलीस का न्हाय?

वीरभद्रप्पा : बघितली की. घसरते. जोर दिला तर एक बारीक रेघ उठते, तेवढीच.

मानसिंग : रेघ उठती ना? मग आशा हाय. काचंवानी घसरली असती तर हा चहा तसाच ठिवून उठलो असतो मी.

वीरभद्रप्पा : आशा आहे म्हणतोस आणि मघापासून सारखा कपाळावरून हात फिरवतोयस.

मानसिंग : घाम हाय त्यो. दसरा झाला तरी सोलापूरचं ऊन कुटं हटतंय. आण बघू ती कडी हिकडं. आरं, लई सुबक केलीयस. आमच्या खात्यातल्या फोरमनला दावली तर तुला स्टोअरातनं उचलून मशीनवर बसवंल त्यो.

वीरभद्रप्पा : स्टोअरात बॉबिनी आणि तेलाचे डबे सांभाळतो तेच बरं आहे. मशीन हा माझा नाद. त्याच्यावर पोट नाही म्हणून आजवर हात मोकळा चालत होता. तू त्याच्यावर पोट भरतोस, म्हणून तर तुला बोलावलं.

मानसिंग : निळा रंग झकास उतरवलायस. पाणीबी चांगलं बसलंय. पर मर्दा, खाच कापल्याबिगर पाणी दिलंसच कसं? आधी कापायचं, मग तापवून पाणी द्यायचं, कडक करायचं. ह्ये तुला मी सांगावं?

शिवम्मा : माझ्यामुळं झालं ते, भाऊजी.

वीरभद्रप्पा : तू कशाला मध्ये बोलतेस?

शिवम्मा : का? त्यांना कळू दे की. खंडेनवमीला ह्यांची हत्यारं पुजायची होती. मी म्हटलं, लेकीच्या पायाची कडीबी ठेवा देवापुढं. पण कच्ची ठेवू नका. आमच्यात देवापुढं कच्चं ठेवत नाहीत.

वीरभद्रप्पा : आणि हत्यारं एकदा पूजेत बसली की दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. शेगडी पेटलेली होतीच. म्हटलं, पाणी देऊन टाकावं, पक्की होऊन बसू दे. खाच डोक्यातून साफ गेली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दसऱ्याला फूल उचललं तर खाचच नाही.

मानसिंग : आता काय बोलावं. मग परत तापवून मऊ कर. खाच काप, पुन्यांदा पाणी दे.

वीरभद्रप्पा : जोडीनं दोन केल्या होत्या. दुसरीचं तेच केलं. मऊ केली, लोण्यासारखी कापली गेली. परत पाणी द्यायला तेलात बुडवली आणि टिक असा आवाज आला. ती बघ, खिडकीत पडलीय. खाचेच्या कोपऱ्यापासून केसाएवढी चीर आहे.

मानसिंग : आवाज आला म्हंजे गेलीच ती.

वीरभद्रप्पा : म्हणून हिला आता विस्तव दाखवायचा धीर होत नाही. ही एकच राहिली. असलं पोलाद सोलापुरात आणू कुठून? मिलचा जुना साहेब गावाकडं परतला तेव्हा हे पायानं चालवायचं लेथ मला देऊन गेला. त्याच्या हत्यारांच्या खोक्याच्या तळाशी तेवढाच तुकडा होता.

मानसिंग : मी काय म्हणतो, साध्या लोखंडाचीच कर की. मऊ तर मऊ. पोरगी काय आगगाडी वढणार हाय?

शिवम्मा : मऊच केली होती आधी. ती घालून तर पडली ती.

मानसिंग : कवा? मला कुणी सांगितलं न्हाय.

शिवम्मा : सांगायसारखं काय होतं त्यात. नव्या पेठेत, भर बाजारात. भार पडून कडी चेपली, गुडघा दुमडला, आणि कापडाच्या दुकानापुढं माझी लेक उताणी. लुगडं वर झालं. पायाचं लोखंड सगळ्या पेठेला दिसलं. उचलायला माणसं आली, भाऊजी, पण आधी बघून घेतलं त्यांनी. त्या दिवसापासून चन्नीनं पाय भुईला लावला नाही. हातावर सरकत न्हाणीपर्यंत जाते.

मानसिंग : न्हाई, असं नगं व्हायला हुतं. पोरगी काय म्हणती?

शिवम्मा : काही म्हणत नाही. तेच तर.

मानसिंग : आन् दवाखान्यातली कडी? पायाच्या लोखंडी पट्ट्यासंगं आलेली?

वीरभद्रप्पा : ती झिजून तुटली, तिथूनच सगळं सुरू झालं. ज्या डॉक्टरानं पट्टा करून दिला तो विलायतेला गेला. नवी कडी तिकडून बोटीनं यायची. पाय तोवर थांबतोय होय? नव्या डॉक्टरानं गुडघा दाबून बघितला. म्हणाला, शिरा आखडत चालल्यात. आता उभी राहिली, चालली, तर सुटतील. दिवाळीपर्यंत अशीच बसून राहिली तर गुडघा वाकडा धरेल, आणि मग सोन्याची कडी आणलीत तरी पाय सरळ होणार नाही.

मानसिंग : फळी बांधून ठिवली तर?

वीरभद्रप्पा : झोपताना बांधतो. आता तर फळीवरही टाच पुरती टेकत नाही. अंगाचा भार पायावर पडल्याशिवाय उपयोग नाही म्हणतो.

मानसिंग : म्हंजे सगळं ह्या नखाएवढ्या खाचंवर आलंय.

वीरभद्रप्पा : नखाएवढ्या खाचेवर. तिच्यात खिट्टी बसली तरच गुडघा सरळ अडकून राहतो.

मानसिंग : आमच्या मशीनवर घिऊन गेलो असतो रं, कुणाची पर्वा केली नसती. पर आमचा कटर बोटाएवढा जाड. खाच कापाय जाईल आन् कडीच खाऊन बसंल. दगडानं घासून न्हाय का हुणार?

वीरभद्रप्पा : एवढा पातळ दगड नाही. कानशीच्या कडेनं केलं, कानस बोथट झाली आणि कडी हसत राहिली. साध्या पोलादाचा कटर घरी करून बघितला, त्याचे दात एका फेऱ्यात लोळले. साहेबाच्या खोक्यात पातळ कटर होते, जातिवंत, तापले तरी धार धरणारे. तेवढेच ह्याला चावतात. त्यातला हा शेवटचा.

मानसिंग : बाकीचं कसं गेलं?

वीरभद्रप्पा : पहिला माझ्या घाईनं. मऊ लोखंडाला देतो तीच चाल दिली. धूर निघाला, दात निळे पडले, कटर गुळगुळीत. कडीवर चकाकी धरली ती वेगळीच. दुसऱ्याला लेथचा पट्टा मोठ्या चाकावर घेतला, अगदी हळू. दात न् दात मोजावा इतका.

मानसिंग : ह्ये बराबर. कडक मालाला जोरात गेलं की जळतंय. पर नुसतं घासत बसलं तर माल आणखी कडक हुतो. हळू फिरायचं, पर थांबायचं न्हाय, आन् दातानं दर खेपंला चावलंच पायजे. त्येल कुठलं लावलंस?

वीरभद्रप्पा : आधी करडईचं. मग टर्पेंटाईन.

मानसिंग : टर्पेंटाईनच. कडक मालाला त्येच. मग दुसरा का ग्येला?

शिवम्मा : माझ्या पायानं.

मानसिंग : वहिनी, सगळंच तुमी आपल्या अंगावर घेताय.

शिवम्मा : नाही तर काय. लेथ ह्यांचं, पाय माझा. पहिल्यापासून तसंच चाललंय. हे हँडल धरतात, मी पायफळी मारते. ह्यांना दोन्ही जमत नाही. हाताकडं बघितलं की पाय विसरतात.

वीरभद्रप्पा : पाय अडखळला तिचा. कटर जरा थांबला आणि सुटताना दात उडाला. तुमच्या खात्यात वरचा दांडा फिरतो, त्याच्यावर मशीन फिरतं, वेग कधी हलत नाही. इथं वेग म्हणजे माणसाचा पाय.

मानसिंग : म्हमईला म्हणं नवं जर्मन हत्यार आलंय. ह्या कडीचा बाप असला तरी कापतंय. आमच्यातला एक बघून आलाय.

वीरभद्रप्पा : मीही ऐकलंय. काचेसारखं कडक, आणि काचेसारखंच फुटतं. त्याला इंजिनाचा वेग लागतो. ह्या पायफळीवर पहिल्याच हिसक्याला त्याचे तुकडे होतील.

मानसिंग : मग म्या मारतो पायफळी. तू हँडल धर.

वीरभद्रप्पा : मागं एकदा मारलीस की पितळेवर. तो तुकडा बघ. लाटा उठल्यात त्याच्यावर.

मानसिंग : व्हय रं. नांगरट केल्यागत दिसतंय. हसू नगंस.

वीरभद्रप्पा : हसत नाही. हसायला येत नाही आता.

मानसिंग : वहिनींचा पाय खरा. तू त्ये चिमुकलं वाफंचं इंजिन केलंस, तवा मी ह्याच वट्ट्यावर बसून बघितलंय. वहिनी जात्यावरच्या ओव्या म्हणत हुत्या आन् लेथ कसं चाललं हुतं, पाण्यावाणी. वहिनी, ओवी धरा की. मग पाय अडखळतोय कशाला?

शिवम्मा : ओवी म्हणत नाही मी.

मानसिंग : का? गळा बसला का काय?

वीरभद्रप्पा : मानसिंग, राहू दे.

शिवम्मा : सांगते की. चन्नीला ताप आला आणि ताप उतरताना पाय घेऊन गेला, तेव्हा मी सिद्धरामेश्वराला बोलले. लेक माझी आपल्या पायानं तुझ्या देवळाची पायरी चढेल, तोवर जात्यावरची ओवी ओठाला आणणार नाही. आमच्या केराबाईनं शिकवलेल्या ओव्या त्या. कानडी मुलखातनं आले मी, मला इथलं काही येत नव्हतं. ती धनगराची बाई, तिनं जात्यावर बसवून मला मराठी बोलायला शिकवलं. दुसरं माझ्याजवळ होतं काय, देवाला द्यायला?

मानसिंग : मग केराबाईला बसवा. ती म्हणू दे, तुमी पाय मारा.

शिवम्मा : बसवली होती. दुसरा कटर तिच्याच ओवीवर गेला. ती श्वास घेते तिथं मी घेत नाही. तिचं गाणं तिच्या हाताला चालतं, माझ्या पायाला नाही.

मानसिंग : आकडे मोजून बघा. मनात म्हणा ओवी.

शिवम्मा : मनात म्हटली की ओठ हलतात. ओठ हलले की भ्या वाटतं. भ्या वाटलं की पाय थांबतो.

मानसिंग : तू काय म्हणतोस रं?

वीरभद्रप्पा : मी काही म्हणत नाही. नवस केला तेव्हा मला विचारलं नव्हतं, आणि मोड असं मी कधी म्हणालो नाही. आजही म्हणणार नाही. तिच्याजवळ तेवढंच आहे.

मानसिंग : आन् पोरीजवळ? तिच्याजवळ काय हाय? मला दुसऱ्या पाळीला जायाचंय, भोंगा हुईल आता, म्हणून तोंडावर बोलतो. वाईट वाटून घिऊ नगा. दिवाळी काय लांब ऱ्हायली न्हाय.

शिवम्मा : मला ते ठाऊक नाही होय, भाऊजी? झोप येत नाही तेव्हा दुसरं काय करते मी? नवस मोडला तर देव पाय देणार नाही. नवस पाळला तर कटर जाणार, म्हणजे कडी जाणार, म्हणजे पायच जाणार. कुठूनबी आले तरी तिथंच येते मी.

वीरभद्रप्पा : शिवम्मा, आज राहू दे. उद्या बघू.

शिवम्मा : उद्या काय वेगळं आहे? पोरीचा पाय बरा नाही केला त्या देवानं, पण मोडलाही नाही अजून. तुमी आत जाऊन बघा, चन्नी झोपलीय का. तिला ऐकू जायला नको.

वीरभद्रप्पा : डोळे मिटलेत. झोपलीय.

शिवम्मा : मग पट्टा चढवा.

वीरभद्रप्पा : नीट विचार केलास?

शिवम्मा : विचार करून करून पाय आखडत चाललाय तिचा. चढवा तुमी पट्टा.

मानसिंग : मोठ्या चाकावर घे. हां. कडी घट्ट धरलीय ना? हालाय नगं. मी टर्पेंटाईन सोडतो थेंब थेंब. हँडल हळूच दे, पर देत ऱ्हा. दाताला उपाशी ठिवू नगं.

वीरभद्रप्पा : कळलं. शिवम्मा, तुझ्या मनाला येईल तेव्हा.

(शिवम्मा पायफळीवर पाय ठेवते. मग ती ओवी धरते आणि लेथ हळूहळू फिरू लागतं.)

शिवम्मा : दाणा दाण्याला ढकली, पीठ पडं काठोकाठी… लेकीच्या पावलाला वाट व्हावी गं धाकटी…

मानसिंग : चावला. चावला बघ.

वीरभद्रप्पा : बोलू नकोस. तेल.

शिवम्मा : दाणा दाण्याला ढकली, पीठ पडं काठोकाठी…

मानसिंग : कीस बघ कसा पडतोय, सुईच्या टोकावाणी. रंगबी बदलंना. अशीच चाल पायजे, वहिनी. ह्यापरीस जोरात न्हाय, ह्यापरीस हळू न्हाय.

वीरभद्रप्पा : अर्धी खाच झाली.

मानसिंग : अर्ध्याच्या वर झाली. देत ऱ्हा तू.

शिवम्मा : जात्याचा खुंटा माझा हातानं झिजला… लेकीच्या उंबऱ्याला गं पारवा बोलला…

मानसिंग : आता थोडकी. थोडकी ऱ्हायली. आरं, हळू. हळू दे. हात, हात बघ तुझा.

(कटकन आवाज होतो.)

मानसिंग : थांबा, वहिनी. पाय उचला.

शिवम्मा : काय झालं?

मानसिंग : थांबा जरा. बघू दे.

शिवम्मा : भाऊजी, काय झालं सांगा.

मानसिंग : दात गेला. एक न्हाय, तीन-चार गेल्यात. एक खाचंत रुतून बसलाय.

शिवम्मा : निघंल का?

मानसिंग : कडीपरीस कडक हाय त्यो. ठोकून काढाय गेलं तर कडी तडकंल. आन् काढला तरी फुडं कापायचं कशानं?

शिवम्मा : लगेच बघितलं देवानं. दुसरी ओवी पुरी होऊ दिली नाही.

वीरभद्रप्पा : देवानं काही बघितलं नाही. हात माझा होता.

शिवम्मा : तुमचा हात कधी चुकत नाही.

वीरभद्रप्पा : आज चुकला. तुझा पाय नीट होता, चाल नीट होती, सगळं बरोबर होतं. तू पारव्याची ओवी धरलीस आणि मी ऐकत बसलो. किती दिवसांनी ऐकली मी ती. डोळ्यांत पाणी आलं, कटर दिसेना, आणि हँडल हातात आहे हेच विसरलो. जास्त फिरलं.

शिवम्मा : म्हणजे मी गायले म्हणूनच.

वीरभद्रप्पा : तसं म्हणू नकोस.

शिवम्मा : मग कसं म्हणू? नाही गायले तर माझ्या पायानं जातं. गायले तर तुमच्या हातानं जातं. म्हणजे जायचंच होतं ते. मी उगाच देवाला बांधून घातलं आणि उगाच सोडलं.

मानसिंग : असं करू नगा, वहिनी. मी म्हमईला कुणाला तरी चिठ्ठी लिवून घितो. तसला पातळ कटर कुणापाशी तरी असंल.

वीरभद्रप्पा : आणि कडी? कडी कुठं आहे आता? पोलाद कुठं आहे?

मानसिंग : खिडकीतली तर चिरलेलीच.

वीरभद्रप्पा : भोंगा झाला. जा तू. खाडा पडेल.

मानसिंग : जाववत न्हाय रं.

वीरभद्रप्पा : इथं थांबून काय करणार? जा. तू सांगितलंस ते सगळं बरोबर होतं.

मानसिंग : वहिनी, येतो मी.

शिवम्मा : या, भाऊजी. चहा तसाच राहिला तुमचा.

वीरभद्रप्पा : पट्टा उतरवतो.

शिवम्मा : राहू दे चढलेला. कुणाच्या वाटेत येतोय.

वीरभद्रप्पा : तिला काय सांगायचं?

शिवम्मा : मला नका विचारू.

चन्नी : अव्वा.

शिवम्मा : जागी आहेस होय गं? कधीपासून?

चन्नी : झोपलेच नव्हते. अप्पा आत आले म्हणून डोळे मिटले. अव्वा, तू गात होतीस.

शिवम्मा : व्हय.

चन्नी : का थांबलीस?

शिवम्मा : मशीन थांबलं.

चन्नी : खाच झाली?

वीरभद्रप्पा : नाही बाळ. नाही झाली. आता होणार पण नाही.

चन्नी : मला वाटलंच. मानसिंगकाका जाताना बोलले नाहीत माझ्याशी.

शिवम्मा : चन्ने, रडू नकोस.

चन्नी : मी कुठं रडतेय? केराबाईनं मला मागंच सांगितलं होतं, तू का गात नाहीस ते. रोज पहाटे नुसतं जात्याचं घरघर ऐकायचे मी, आणि वाटायचं, उठावं, काहीही करून देवळापर्यंत जावं, म्हणजे अव्वाचं तोंड सुटेल. नव्या पेठेतनं त्या दिवशी तिकडंच निघाले होते.

शिवम्मा : माझ्या नवसापायी निघालीस तू?

चन्नी : पायऱ्या चढून यायचं आणि तुला सांगायचं, असं मनात होतं. अव्वा, आता मोडलाच ना नवस?

शिवम्मा : मोडला गं. मीच मोडला.

चन्नी : मग आता मी उभी नाही राहिले, तरी गाशील ना?